लंडनच्या बसचा जिना

लंडनची लाल दुमजली बस म्हटली की कुणाला पर्यटनाची पत्रकं आठवतात, कुणाला जुने इंग्रजी सिनेमे. मला त्या बसचा जिना आठवतो. जुन्या बसमध्ये तो मागच्या उघड्या फळीला लागून असायचा, अरुंद आणि वळण घेत वर जाणारा. आज कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी "जरा हालचाल करा" असं ऐकायला मिळतं. या सल्ल्याला भक्कम आकड्यांचा पहिला आधार मिळाला तो या जिन्यावर.

आमच्या धंद्यातला माणूस दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत असतो. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, खरं सांगायचं तर कमरेचा आहे. म्हणून हा या शनिवारचा लेख.

आता कुणी म्हणेल, यात शोध कसला? हातपाय हलते ठेवावेत हे आमच्या आजीलाही माहीत होतं. अगदी बरोबर. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. त्यात शिंपी, चांभार अशा बसून काम करणाऱ्यांच्या व्याधींचा विचार आहे, आणि निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करा असा सल्लाही आहे. पण एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती मोजून दाखवणं वेगळं. मोजून दाखवलेलं नसलं की उलटा सल्लाही तितक्याच आत्मविश्वासाने देता येतो, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो दिला जात होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे अंथरुणात पडून राहायला लावत. 1952 साली बोस्टनच्या सॅम्युएल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी रुग्णाला लवकर उठवून आरामखुर्चीत बसवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा तेच धाडस मानलं गेलं. म्हणजे त्या काळी खुर्ची ही प्रगती होती! :-)

त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या झपाट्याने वाढत होती. का, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. फुप्फुसाचा कर्करोगही असाच वाढत होता. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1950 साली त्याचा संबंध सिगारेटशी जोडून दाखवला, ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. बसची गोष्ट त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे.

या गोष्टीचा नायक जेरी मॉरिस. जन्म 1910, लिव्हरपूलचा. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू निर्वासित. ज्या जहाजाने आले त्याच्या कप्तानाचं आडनाव त्यांनी घेतलं, असं सांगतात. मुलगा वाढला ग्लासगोत, गरीब वस्तीत. वडील त्याला चार मैल चालायला नेत आणि तासाच्या आत चालणं पुरं झालं तर आइस्क्रीम मिळे. (मॉरिस यांच्या आयुष्यातला व्यायाम आणि बक्षीस यांच्या संबंधाचा हा पहिला प्रयोग म्हणायचा.) दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी वैद्यकीय दलात होते आणि त्यातली काही वर्षं त्यांनी आपल्या हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात काढली. परत गेल्यावर 1948 साली ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या हाती एक नवं छोटं पथक दिलं. विषय होता सामाजिक वैद्यक, म्हणजे माणूस आजारी का पडतो याचं उत्तर त्याच्या शरीराबरोबरच त्याच्या कामात, घरात आणि खिशातही शोधायचं.

पथकाने ठरवलं की हृदयविकाराचा माणसाच्या कामाशी काही संबंध आहे का ते बघू. त्यासाठी काय लागतं? हजारो माणसं, ती काय काम करतात याची पक्की नोंद, आणि कोण कधी आजारी पडलं, कोण कधी गेलं याची तितकीच पक्की नोंद. आमच्या भाषेत सांगायचं तर चांगल्या प्रतीचे लॉग. असे लॉग लंडन ट्रान्सपोर्टकडे होते. आजारपणाच्या रजेचे कागद नीट ठेवणाऱ्या कारकुनांचा विज्ञानावर केवढा उपकार आहे, हे कुणीतरी एकदा लिहायला हवं. 35 ते 64 वयाच्या सुमारे 31,000 पुरुष कामगारांची माहिती जमा होऊ लागली.

यातले ड्रायव्हर आणि कंडक्टर बघा. दोघं एकाच बसवर, एकाच पाळीत, एकाच धुक्यात. पगारात फार फरक नाही, राहायच्या वस्त्या सारख्या, कँटीनचा चहाही तोच. फरक एकच. ड्रायव्हर पाळीतला नव्वद टक्के वेळ आपल्या केबिनमध्ये बसून. कंडक्टर सतत उभा, तिकिटं फाडत पुढे-मागे, आणि मुख्य म्हणजे वर-खाली. संशोधकांच्या माणसांनी बसमधून प्रवास करून त्याच्या पायऱ्या मोजल्या: एका दिवसाला 500 ते 750. आम्ही संगणकवाले ज्याला ए-बी टेस्ट म्हणतो, ती इथे निसर्गाने नाही तर लंडनच्या बस कंपनीने आयती मांडून ठेवली होती.

(आपल्या मुंबईच्या बेस्टच्या दुमजली गाडीवर ही तुलना इतकी सरळ झाली नसती. बेस्टची दुमजली मोटारबस 1937 साली सुरू झाली, पण तिच्यावर कंडक्टर दोन असत, एक खाली आणि एक वर. म्हणजे जिना चढणं वाटून घेतलेलं. त्या जुन्या डिझेलच्या दुमजल्या सप्टेंबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. असो.)

आकडे येऊ लागले ते 1949 च्या सुमाराला. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हर लोकांत वर्षाला दर हजारी साधारण 2.7, कंडक्टरांत 1.9. त्याहून डोळ्यात भरणारी गोष्ट म्हणजे, झटका आल्यावर थोड्याच दिवसांत माणूस दगावण्याचं प्रमाण कंडक्टरांमध्ये निम्म्याच्या आसपास होतं. म्हणजे कंडक्टरला आजार कमी होत होता, उशिरा होत होता, आणि झालाच तरी तो सौम्य होता.

इथे दुसरा एखादा असता तर त्याने लगेच पत्रकार बोलावले असते. मॉरिस थांबले. मला हा माणूस आवडतो तो इथे. पहिल्यांदा कोड चाललं म्हणजे ते बरोबर आहे असं नसतं, हे शहाण्या प्रोग्रॅमरला माहीत असतं. फरक बसण्यामुळेच कशावरून? ड्रायव्हरच्या मनावर लंडनच्या रहदारीचा ताण असतो, त्यामुळे कशावरून नाही? ही शंका साधी नव्हती, तेव्हाच्या पुष्कळ लोकांचा अंदाजही तोच असता. मग त्यांनी दुसरा, रहदारीशी काही संबंध नसलेला धंदा घेतला: टपाल खातं. तिथे पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन एका बाजूला, आणि टेबलाशी बसणारे कारकून, टेलिफोन ऑपरेटर दुसऱ्या बाजूला. पुन्हा तोच क्रम. फिरणाऱ्यांना हृदयविकार कमी, बसणाऱ्यांना जास्त. मग कुठे नोव्हेंबर 1953 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा निबंध दोन हप्त्यांत छापून आला. पुढे हृदयविकार आणि व्यायाम यांच्यावर जगात जे काही संशोधन झालं, त्याची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात.

पण निबंध छापला आणि विषय संपला असं झालं नाही. लोकांनी विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं, की मुळात बसकंच काम पसंत करणारा माणूसच वेगळ्या प्रकृतीचा असला तर? जाडा माणूस ड्रायव्हर व्हायला बघत असेल आणि चपळ माणूस कंडक्टर, तर जिन्याचा यात काय संबंध?

याचं उत्तर शोधायला मॉरिस आणि त्यांचे सहकारी कुठे गेले? शिंप्याकडे. लंडन ट्रान्सपोर्ट आपल्या माणसांना गणवेश देई, आणि गणवेश शिवायचा तर मापं घ्यावी लागतात. म्हणजे हजारो ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पँटच्या कमरेची मापं वहीत आयती पडलेली! 1956 साली त्यावर निबंध आला आणि त्याच्या शीर्षकात चक्क 'गणवेशांचं साथरोगशास्त्र' असे शब्द होते. कंबर ड्रायव्हरचीच मोठी निघाली, आणि तीही प्रत्येक वयोगटात, अगदी पंचविशीतल्या पोरांमध्येसुद्धा. म्हणजे शंका घेणाऱ्यांचं काही अंशी खरं होतं. पण त्यांनी पुढचा प्रश्नही विचारला. कमरेनुसार सडपातळ, मध्यम आणि पोट सुटलेले असे गट पाडले आणि प्रत्येक गटात अचानक मृत्यूचं प्रमाण बघितलं. प्रत्येक गटात कंडक्टरच फायद्यात. जाडा कंडक्टरसुद्धा जाड्या ड्रायव्हरपेक्षा बरा.

तरीही भांडण मिटलं नाही. 1967 साली ऑलिव्हर यांनी दाखवलं की नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुण ड्रायव्हरांचं वजन आणि रक्तातली चरबी मुळातच कंडक्टरांपेक्षा थोडी निराळी होती. म्हणजे त्या 2.7 आणि 1.9 मधला सगळाच फरक जिन्याच्या नावावर जमा करता येत नाही. मला स्वतःला वाटतं की यामुळे गोष्ट अशक्त होत नाही. पहिला निष्कर्ष थोडा जास्त नीटनेटका होता, तो पुढच्या मापांनी थोडा विस्कटला, एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या आरोग्यसल्ल्यांत नेमकी ही विस्कटलेली बाजू कधी नसते, आणि म्हणूनच मी ते न वाचता पुढे सरकवणाऱ्यांपैकी नाही.

मधल्या काळात, 1958 साली, आणखी एक गोष्ट पुढे आली होती. देशभरातल्या इस्पितळांतल्या हजारो शवविच्छेदनांच्या नोंदी जमवल्या. अपेक्षा अशी की अंगमेहनत करणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघतील. तसं झालं नाही! वाहिन्यांच्या भिंतींवरचा चरबीचा थर मेहनत करणाऱ्यांतही भरपूर होता. पण वाहिनी पुरती बंद होणं आणि हृदयाच्या स्नायूवर मोठे व्रण असणं, हे मात्र त्यांच्यात कमी होतं. म्हणजे हालचालीने नळात गाळ साचणं थांबलं नव्हतं, नळ तुंबणं कमी झालं होतं.

तोवर एक नवीच अडचण येऊ लागली होती. अंगमेहनतीची कामंच कमी होत चालली. यंत्रं आली, लिफ्ट आल्या, मोटारी आल्या. पुढे लंडनच्या बसमधून कंडक्टरही गेला. ज्या गाडीवर कंडक्टर लागतोच अशी जुनी रूटमास्टर बस 9 डिसेंबर 2005 रोजी नेहमीच्या सेवेतून निघाली. ज्या नोकरीने विज्ञानाला हा धडा दिला ती नोकरीच राहिली नाही. मॉरिस यांनी हे वळण फार आधी ओळखलं होतं. कामातून हालचाल जाणार असेल तर फावल्या वेळात ती करून चालेल का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. आज आपण ज्याला 'सवय' म्हणतो, सकाळचं फिरणं, संध्याकाळचं पोहणं, ती गोष्ट खरं म्हणजे इथून सुरू होते. पूर्वीच्या माणसाला व्यायामाची वेगळी सवय लावून घ्यावी लागत नव्हती, त्याचा उदरनिर्वाहच ती लावत असे.

या प्रश्नासाठी त्यांनी निवडले सरकारी कचेऱ्यांतले टेबलावर बसणारे अधिकारी. सगळे मध्यम दर्जाचे, सगळे बैठ्या कामाचे, 40 ते 64 वयाचे, 16,882 पुरुष. 1968 ते 1970 या काळात त्यांना एका सोमवारी सकाळी, आधी काही न कळवता, विचारण्यात आलं: गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही काय काय केलंत ते सविस्तर लिहा. काय सुरेख पद्धत आहे बघा. आधी सांगितलं असतं तर शनिवारी अर्धं लंडन बागेत पळताना दिसलं असतं. 1973 साली निकाल आला. दमवणारा व्यायाम करणाऱ्यांमध्ये, म्हणजे पोहणारे, वेगाने सायकल मारणारे, बागेत घाम गाळून खणणारे, यांच्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश. नुसतं बागेत रेंगाळणाऱ्यांना असा काही फायदा दिसला नाही. ('मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतो' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

मॉरिस यांनी स्वतः हॅम्पस्टेड हीथच्या मोकळ्या माळावर पळायला सुरुवात केली होती, तीही 1960 च्या दशकात, म्हणजे जॉगिंग हा शब्दही फारसा कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हा. लोकांना तो वेडेपणा वाटे. आज तिथे पळत नसलेला माणूस वेगळा दिसत असेल.

उरलेला धागा अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी पुढे नेला. आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतले हमाल, मग हार्वर्ड विद्यापीठाचे 1916 ते 1950 या काळात शिरलेले विद्यार्थी. 'मुळातच धट्टीकट्टी माणसं व्यायाम करतात' या शंकेवर सगळ्यात चांगलं उत्तर मला वाटतं यांच्याकडे आहे. 1978 च्या निबंधात त्यांनी दाखवलं की कॉलेजात खेळाडू असलेला पण पुढे खुर्चीला चिकटलेला माणूस इतर बैठ्या लोकांइतकाच धोक्यात होता, आणि कॉलेजात कधी मैदानाकडे न फिरकलेला पण पुढे हालचाल सुरू केलेला माणूस फायद्यात होता. जुनी पदकं हृदयाच्या कामी येत नाहीत. पॅफेनबार्गर स्वतः पंचेचाळिशीत पळायला लागले आणि मग मॅरेथॉनवर मॅरेथॉन पळत सुटले. 1996 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने क्रीडाविज्ञानासाठीचं पहिलं पारितोषिक मॉरिस आणि पॅफेनबार्गर या दोघांना मिळून दिलं.

जाता जाता त्या दहा हजार पावलांबद्दल. मनगटावरच्या घड्याळाने रोज जो आकडा आपल्याला टोचतो तो कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. 1965 साली, टोकियो ऑलिंपिकनंतरच्या उत्साहात, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव खपलं, आकडा राहिला. पॅफेनबार्गर यांच्या सहकारी आय-मिन ली यांनी 2019 साली सुमारे पावणेसतरा हजार वृद्ध अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज 4,400 पावलं चालणाऱ्यांतच मृत्यूचं प्रमाण 2,700 पावलांवाल्यांपेक्षा 41 टक्क्यांनी कमी दिसलं, आणि 7,500 च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. आमच्या ऑफिसात मध्यंतरी पावलांची स्पर्धा होती. एका पठ्ठ्याने घड्याळ पंख्याच्या पात्याला बांधून पहिला नंबर काढला. मॉरिस यांनी सोमवारी सकाळी अचानक का विचारलं, ते यावरून कळावं.

इथवर गोष्ट सरळ आहे: चाला, पळा, जिने चढा. पण त्याच लंडनच्या त्याच सरकारी कचेऱ्यांत आणखी एक अभ्यास चालू होता आणि तो या सरळ रेषेला छेद देतो. 1967 साली सुरू झालेला, व्हाइटहॉल नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास सुमारे साडेसतरा हजार पुरुषांचा. त्यात वरच्या साहेबापासून खालच्या शिपायापर्यंत सगळे. आता डोकं लावा. दिवसभर बसतो कोण? साहेब. फायली घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरतो कोण? शिपाई. बसच्या हिशोबाने शिपायाचं हृदय ठणठणीत असायला हवं. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी 1978 साली आकडे मांडले ते उलटे: सगळ्यात खालच्या थरात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या थराच्या तिपटीहून जास्त! सिगारेट, रक्तदाब, वजन सगळं हिशोबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरतच होता.

मला वाटतं, या विषयातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं पान हेच. 1985 पासून दुसरा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला, त्यात स्त्रियाही होत्या. (मॉरिस यांच्या बसच्या अभ्यासात एकही बाई नाही. युद्धकाळात लंडनच्या बसवर बायका कंडक्टर होत्या, तरीही.) या नव्या अभ्यासातून दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, दिवसात कधी काय करायचं ते आपण ठरवतो की दुसरा कुणी, याचा हृदयाशी संबंध आहे. म्हणजे मनाचा प्रश्न, जो मॉरिस यांनी रहदारीच्या ताणाच्या रूपात 1950 च्या दशकात बाजूला ठेवला होता, तो दुसऱ्या दाराने परत आला. आमच्या ऑफिसात चहाचे कप घेऊन पाच मजले फिरणारे काका माझ्यापेक्षा दहापट चालतात. त्यांच्या पावलांचं कौतुक करणारं पत्रक कुणी काढत नाही, आणि फक्त पावलांच्या जोरावर ते माझ्याहून जास्त जगतील असं हा इतिहास तरी सांगत नाही.

मॉरिस यांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. 1977 साली ब्रिटिश सरकारने आरोग्यातल्या विषमतेवर एक समिती नेमली. डग्लस ब्लॅक अध्यक्ष आणि तीन सदस्य, त्यातले एक मॉरिस. समितीचा निष्कर्ष असा की अकुशल कामगाराच्या घरातल्या माणसाला निवृत्तीच्या वयाआधी मरण येण्याची शक्यता वरच्या व्यावसायिक वर्गातल्या माणसापेक्षा अडीच पट. अहवाल तयार होईपर्यंत सरकार बदललं होतं. 1980 च्या ऑगस्टमध्ये, जोडून सुट्टी आलेली बघून, त्याच्या जेमतेम 260 प्रती काढल्या गेल्या, आणि मंत्रिमहोदयांनी प्रस्तावनेतच शिफारशींचा खर्च परवडणारा नाही असं लिहून टाकलं. झाकायचा प्रयत्न केल्यामुळेच तो जास्त वाचला गेला, हे सांगायला नकोच.

मॉरिस तेव्हा सत्तरीचे. पळणं पुढे पोहण्यावर आणि चालण्यावर आलं, पण रोज कामावर जाणं चालू. आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांनी जो हिशोब मांडला तो मला बसच्या जिन्याइतकाच मोलाचा वाटतो. चांगल्या सवयींची यादी तर आता सगळ्यांना पाठ आहे, पण ती पाळायला पैसे किती लागतात? 2000 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक निबंध लिहिला. एकटा राहणारा, धडधाकट, 18 ते 30 वयाचा पुरुष घ्या. त्याला विज्ञानाने सिद्ध झालेल्या पद्धतीने निरोगी राहायचं आहे. मग त्याचं खाणं, भाडं, व्यायाम, प्रवास हे आलंच. पण शिवाय माणसांत मिसळायचा खर्चही त्यांनी धरला, कारण एकटं पडणं हेही प्रकृतीला घातक असतं याचे पुरावे तोवर जमले होते. ही चैन म्हणून नाही, आरोग्याचा आवश्यक खर्च म्हणून. बेरीज आली, 1999 च्या भावाने, आठवड्याला सुमारे 132 पौंड. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्यांदा किमान वेतन लागू झालं होतं, आणि 18 ते 21 वर्षांच्या पोरांसाठी ते होतं तासाला 3 पौंड. भागाकार तुम्हीच करा. कर-बिर कापायच्या आधीच आठवड्याला 44 तास होतात.

आणि वर पोहायला जायचं.

2007 साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी असाच हिशोब इंग्लंडमधल्या म्हाताऱ्या माणसांसाठी केला. त्यातही भाजीपाला आणि घर गरम ठेवण्याच्या खर्चाबरोबर माणसांशी संबंध टिकवण्याचा खर्च धरलेला आहे. 28 ऑक्टोबर 2009 रोजी ते गेले तेव्हा शंभरीला सहा-सात महिने कमी होते.